तिसरा टोला

मामाच्या उजव्या पायाला काय बी कळत न्हाय, ही गोष्ट आख्ख्या मंगळवार पेठेत दोनच माणसांना म्हाईत हुती. एक मामा सोता आन दुसरा मी. मामीला सुदीक न्हाय. तीन वर्सं मी ही गोष्ट सांभाळली. गल्लीत भांडणं झाली, दारू पिऊन पोरं काय काय बोलून गेली, पण माझ्या तोंडातनं एक शबुद गेला न्हाय.

मामा म्हंजे आकाराम मिस्त्री, ब्रेकवाला. माझा सख्खा मामा न्हवं. मी नववीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला नको म्हणून आईनं दंडाला धरून मला त्याच्या गॅरेजवर आणलं. मामानं मला वरनं खालपतोर बघितलं आन म्हणला, "पाय दाखीव."

मला वाटलं माणूस येडा हाय. चप्पल काढून पाय पुढं केला.

"उजवा," मामा म्हणला. मग खाली बसून माझ्या तळव्याला अंगठ्यानं दोन-तीन ठिकाणी दाबलं. आन आईला म्हणला, "हां. ठेवून जा."

शाळेत धा वर्सं सगळी माझं डोकंच बघत हुती. पाय बघणारा हा पैला माणूस.

पाय का बघितला ते सांगतो. गाडीच्या ब्रेकच्या नळीत ऑइल असतं. तुमी पायडल दाबलं की ते ऑइल पुढं सरकतं आन चाकात जाऊन ब्रेक आवळतं. ऑइल दाबून दबत न्हाय. हवा दबती. नळीत कुठं हवेचा बुडबुडा ऱ्हायला की तुमचा सगळा जोर त्या बुडबुड्यावरच जातो, चाकापतोर पोचतच न्हाय. पायडल पोचट लागतं, पाय खाली खाली जातो. म्हणून ब्रेकचं काम झालं की नळीतली हवा काढायला लागती. त्याला दोन माणसं लागत्यात. एक आत बसून पायडल दाबणार, दुसरा चाकापाशी बसून पान्ह्यानं निप्पल उघडणार. निप्पल म्हंजे चाकाच्या मागं असलेला बारका बोल्टच, मधनं भोक असलेला. आतल्यानं दाबून धरायचं, भाईरच्यानं उघडायचं, बुडबुडे पाईपातनं बाटलीत जाऊ द्यायचे, परत आवळायचं, मगच आतल्यानं पाय सोडायचा. निप्पल उघडं असताना पाय सोडला तर नळी भाईरची हवा आत ओढून घेती. सगळी मेहनत मातीत.

आमच्या शेजारी पत्रा ठोकणाऱ्याचं दुकान हाय. दिवसभर धाड धाड. हाक मारली तर ऐकू येत न्हाय. म्हणून मामा पान्ह्यानं चाकाच्या रिमवर टोले द्यायचा. ते कानाला न्हाय, सीटमधनं बुडाला आन पायाला कळायचं. एक टोला, दाब. दोन टोले, सोड.

आन एक तिसरा प्रकार हुता. सलग तीन टोले. त्यो फक्त शेवटच्या चाकाला. शेवटचं चाक म्हंजे डायवरच्या बाजूचं पुढचं. लई गाड्यांना तिथं दांडी आडवी येती, पाईप लावलेला असला की पान्हा पुरा फिरत न्हाय. म्हणून मामा तिथं निप्पल उघडं ठेवूनच पाईप काढायचा आन मग आवळायचा. तेवढ्या टायमात आतल्याचा पाय हलला की संपलं. तीन टोले म्हंजे, "हलू नको. मी दाराशी येऊन तोंडानं सांगीपतोर मेलास तरी पाय काढू नको." हे कुठल्या पुस्तकात न्हाय. हे मामानं सोता काढलेलं.

मामा मूळचा बिद्रीकडचा. घरात ऊस, म्हशी आन चार भाऊ. सोळाव्या वर्सी कोल्हापुरात आला त्यो कामाला न्हाय, फुटबॉल खेळायला. पेठेतल्या आत्याकडं ऱ्हायचा आन तालमीच्या टीमकडनं खेळायचा. पन्नाशीच्या वरच्या कुणाला बी इचारा, आकारामचा उजवा पाय म्हणलं की माणूस चहा खाली ठेवून बोलायला लागतो. पण गोल मारून पोट भरत न्हाय. आत्याचा नवरा कुरकुरायला लागला तसा मामा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या ब्रेकवाल्याकडं काम मागायला गेला. म्हातारा म्हणला, "फुटबॉलवाल्या, पाय हाय न्हवं? मग बस आत आन दाब."

नऊ वर्सं मामानं नुसतं पायडल दाबलं. नऊ वर्सं! मग म्हाताऱ्यानं त्याच्या हातात पान्हा दिला. पुढं म्हातारा गेला, गॅरेज मामाकडं आलं. बोर्ड न्हाय. नाव न्हाय. "ब्रेक का? आकारामकडं जावा," एवढंच.

त्याची एक सवय हुती. गाडीतलं जुनं ऑइल काढलं की थोडं पांढऱ्या बशीत वतायचा आन मालकाच्या नाकाखाली धरायचा. "बघा पावणं, काकवी झालीया. ह्याच्यावर भरवसा ठेवून तुमी बायकापोरं घेऊन फिरताय." कुणी लईच घाई केली की म्हणायचा, "गाडी चालू झाली न्हाय तर तुमी मला शिव्या देशीला. थांबली न्हाय तर शिव्या द्यायला कोण उरणार?"

आता पायाचं. तीन वर्सांमागं एका सकाळी गॅरेजात फरशीवर लाल ठिपके दिसले. मला वाटलं शेजारचा रंग सांडला. बघतोय तर ठिपके मामाच्या मागं मागं. त्याच्या उजव्या चपलीतनं मोळा वर आलेला आन पायात शिरलेला.

"मामा, पायात मोळा घुसलाय की!"

मामा खाली बघत म्हणला, "कुठं?"

ते "कुठं" मला आजून ऐकू येतंय. मी मोळा उपसला, तरी त्यो माझ्याच तोंडाकडं बघत हुता, जसं काय दुसऱ्याचाच पाय हाय. डॉक्टर म्हणला शुगर. लई वर्साची. पायाच्या शिरा गेल्या.

परत येताना मामा रिक्षात म्हणला, "किस्ना, कुणाला बोलायचं न्हाय. ब्रेकवाल्याचा पाय गेला म्हणल्यावर गाडी कोण लावंल दारात? आन पेठंत..." मला कळलं की. पेठंत त्यो पाय म्हंजे देवाच्या जागी हुता.

त्या दिवसापासनं मी मामाचा पाय झालो. हवा काढताना आत मी. गाडी फिरवून बघायला मी, मामा शेजारी बसणार आन गिऱ्हाइकाला सांगणार, "पोरगं शिकतंय, शिकू दे." काम झालं की मला इचारायचा, "कसं हाय?" मी म्हणायचो, "घट्ट हाय मामा." तेवढ्यावर त्यो मालकाच्या हातात किल्ली द्यायचा. बाकी काय बघायचा न्हाय. आकाराम मिस्त्रीचा शबुद म्हणून लोक गाडी न्यायचे, आन त्यो शबुद माझ्या तळपायातनं आलेला असायचा. मला आयुष्यात कुणी काय दिलं आसंल तर ते एवढंच.

आन मग ती आली.

तेजस्वी. कसबा बावड्याची. बाप कुठल्यातरी हापिसात, आई मास्तरीण. आयटीआयला मोटर मेकॅनिक केलेली, सहा म्हैन्यांसाठी कुठंतरी हाताखाली काम करायचं हुतं. कंपनीच्या एसी वर्कशॉपात जायचं सोडून हिला आमचं भोक पडलेलं पत्र्याचं गॅरेज घावलं. स्कूटीवरनं आली, हेल्मेट काढलं आन म्हणाली, "काका, मी ब्रेकचं काम शिकायला आलोय. आमच्या सरांनी सांगितलं, ब्रेक शिकायचा तर तुमच्याकडंच."

मामाचं तोंड असं फुललं की मला तिथंच कळलं, आता आपलं काय खरं न्हाय.

तिचा पाय बघितला न्हाय त्यानं. माझा बघितला, तिचा न्हाय. म्हणला, "बस की बाळ."

बाळ! सात वर्सं मला "किस्न्या", "गाढवा", "आरं ए" आन मूडमधी आसला तर "किस्ना". ह्या बयेला पैल्या मिनटाला बाळ. मला पैल्या वर्सी पान्हा चुकीचा दिला म्हणून त्यानं तोच पान्हा फेकून हाणलाता, खूण हाय आजून कोपराला. तिनं चुकीचा दिला तर म्हणतोय, "ह्यो न्हाय बाळ, त्याच्या शेजारचा."

मी सगळं बघत हुतो. चहा आला की मला कागदाच्या कपात, तिला मामाच्या स्टीलच्या पेल्यात. तिच्या डब्यातली मेथीची भाजी मामा भाकरीवर घेऊन खायचा आन म्हणायचा, "आईच्या हाताला चव हाय हां." माझ्या आईचा झुणका सात वर्सं खाल्ला, एकदा बी चवीचं नाव काढलं न्हाय. ती बसायला लागली म्हणून जुन्या टायरवर फळी टाकून खुर्ची केली. मी आजून फरशीवर.

चौथ्या दिवशी तिनं फळीवरचा ब्रेक ऑइलचा उघडा डबा उचलला. "काका, हे टाकायला पायजे. उघडं ऱ्हायलं की हवेतलं पाणी पितंय हे ऑइल. मग गरम झालं की आत वाफ धरती."

मी म्हणलं, "आर्धा डबा हाय. फुकट येतंय व्हय?"

"फुकट येत न्हाय म्हणून ब्रेक घालवायचा का दादा?"

मामा हसला. मोठ्यानं. आन डबा माझ्याच हातनं टाकायला लावला.

मग तिनं सांगितलं, पुस्तकात हवा काढायची ती पायडलपासनं सगळ्यात लांबच्या चाकापासनं सुरू करायची, मागचं डावं, मग मागचं उजवं, असं. मामानं मांडीवर थाप मारली. "किस्ना, बघ! माझंच लिवलंय पुस्तकात बी!" दोघं खिदळायला लागली. मामाच्या सगळ्या गोष्टी मला पाठ हुत्या, पण त्या पुस्तकात हायत हे मी त्याला कधी सांगू शकलो नसतो. मला पुस्तक म्हंजे उशाला घ्यायची गोष्ट.

आन मग एका दिवशी ती त्याला "मामा" म्हणाली. सहज. "मामा, हा व्हॉल्व्ह बघा की." त्यानं वळून बघितलं, जसं काय ती जन्मापासनं मामा म्हणतीया. मी भाईर जाऊन पत्र्याला लाथ हाणली. शेजारचा ठोकणारा म्हणला, "का रं, माझं काम तू करतोस व्हय?"

दुसऱ्याच दिवशी मामा म्हणला, "किस्ना, तिला टोले शिकीव. पुढच्या गाडीला आत तीच बसंल."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आत? आत मी असतो न्हवं?"

"मग काय जन्मभर तूच बसणार? शिकू दे की पोरीला."

मी एका उभ्या असलेल्या जीपमधी तिला बसवलं आन शिकीवलं. एक टोला, दाब. दोन टोले, सोड. सोडायच्या आधी पाय हलवायचा न्हाय. चार-पाच वेळा करून घेतलं. पोरगी हुशार, मानायला लागंल. पाय स्थिर.

"एवढंच का दादा?"

"एवढंच," मी म्हणलं.

इसरलो नव्हतो. तिसरा माझ्या जिभेवर हुता. पण मला वाटलं, हिच्याकडं पुस्तक हाय, सर्टिफिकेट हाय, बाळ हाय, मेथीची भाजी हाय. हे एक तरी माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मला वाटलं, शेवटच्या चाकाला ती चुकंल, मामा तिला झापंल आन मला हाक मारंल. "किस्ना, ये रं बाबा, तूच बस." तेवढंच हवं हुतं मला. चार शबुद.

जोतीरामचा दुधाचा टेम्पो आला त्याच दुपारी. जोतीराम म्हंजे गावोगावच्या डेऱ्यांतनं दूध गोळा करणारा डायवर. सांजच्या धारंच्या आधी त्याला निघायचं असतंय. ब्रेकची नळी फुटली हुती. मामानं नवी नळी बसवली, तेजस्वी आत गेली, मी टायरवर बसलो. तिच्याच टायरवर.

मागचं डावं. टोला, दाब. दोन टोले, सोड. मग मागचं उजवं. पुढचं डावं. सगळं कसं घड्याळागत. जोतीराम म्हणला बी, "मिस्त्री, पोरगी तयार झाली की वं!" मामा बोनेटखालनं ओरडला, "आमची हाय ती!"

आमची.

शेवटचं चाक. एक टोला. तिनं दाबलं. मामानं निप्पल उघडलं, पाईपात बघितलं, बुडबुडा न्हाय, साफ धार. मग त्यानं रिमवर तीन टोले दिले. टण टण टण. आन पाईप ओढला.

मी तिच्या पायाकडं बघत हुतो. तिला वाटलं काम झालं. हसली आन पाय उचलला.

मामाचं लक्ष पान्ह्यात. त्यानं निप्पल आवळलं, फडक्यानं पुसलं आन दाराशी आला. "सोड," म्हणणार तर तिनं आधीच सोडलेला. त्याच्या ते ध्यानात आलं न्हाय, का बोलायचं ऱ्हायलं, मला म्हाईत न्हाय. त्यानं इचारलं, "कसं हाय बाळ?"

तिनं फटाफटा तीन-चारदा दाबलं. "घट्ट हाय मामा."

हवा लबाड असती. पैल्या दाबाला पाय खाली जातो, भराभर दाबलं की तिसऱ्या-चौथ्याला घट्ट लागतं. दोन मिनटं थांबून परत दाबायला लागतं, मग खरं कळतं. मला ठावं हुतं. मी वाट बघत बसलो, आता मामा म्हणंल, "किस्ना, तू एकदा बघ."

म्हणला न्हाय.

तीन वर्सांत पैल्यांदा मामानं माझ्या पायाशिवाय गाडी पास केली. माझ्याकडं मान सुदीक वळवली न्हाय. माझ्या छातीत असं काय पेटलं की मी मनात म्हणलं, जा. मला इचारत न्हाय न्हवं? मग मला काय करायचंय. जोतीराम घेऊन जाईल, गल्लीच्या तोंडाशीच त्याला पोचट लागंल, फिरवून आणंल, तिची फजिती हुईल. तेवढ्यावरच मी गप ऱ्हायलो. हे खरं सांगतो.

पण मामानं फडक्याला हात पुसले आन म्हणला, "आज मीच फिरवून आणतो. बाळ, तू बी बघ, फिरवून कसं बघायचं असतंय. जोतीराम, बस शेजारी."

माझं काळीज तळपायाला गेलं. तीन वर्सं मामानं स्टेरिंग धरलं नव्हतं. तिच्यापुढं त्याला परत तो जुना आकाराम व्हायचं हुतं, दुसरं काय.

मामा आत चढला. किल्ली फिरवायच्या आधी सवयीनं पायडल दाबलं. मी भाईरनं त्याचा गुडगा बघितला. जेवढा जायला पायजे त्याच्यापेक्षा चांगला चार बोटं खाली गेला. मामाला काय कळलं न्हाय. त्याचं तोंड तसंच फुललेलं.

आमच्या गॅरेजपासनं गल्ली जी उतरती ती थेट चौकात. चौकात भाजीवाल्या बायका रस्त्यावरच बसत्यात, पोतं टाकून.

आता काय बोलायचं? "मामा, तुझ्या पायाला कळत न्हाय," म्हणलं तर आख्खी पेठ ऐकणार. जोतीराम गावोगाव दुधासंगं ती बातमी घालणार. मी ते मेलो तरी करणार नव्हतो. दुसरं बोलायचं म्हंजे माझीच कातडी सोलायची.

इंजिन चालू झालं. मी पळालो, खिडकीतनं हात घातला आन किल्ली फिरवून उपसून घेतली.

"आरं ए!" जोतीराम ओरडला.

"मामा, उतर."

"का?"

"हवा हाय. पुढच्या उजव्याला."

"तुला काय म्हाईत? तू तर टायरवर बसलावतास."

"तिसऱ्या टोल्याला तिनं पाय सोडला. मी बघितलं."

मामानं हळूच इचारलं, "तिसरा टोला तिला म्हाईत न्हाय?"

"न्हाय."

"शिकीवला न्हाईस?"

"न्हाय."

"इसरलास?"

खोटं बोलायची एक फट त्यानं सोताच उघडून दिली हुती. मला ते बी कळलं. पण मामापुढं माझं तोंड खोटं उघडत न्हाय, त्याला मी काय करू.

"इसरलो न्हाय. मुद्दाम न्हाय शिकीवला. आन आत्ता बी बघून गप बसलो."

जोतीराम टेम्पोतनं उडी मारूनच खाली आला. "मुडद्या! पन्नास कॅन भरून मी घाट उतरतोय रोज! माझ्या पोरांनी तुझं काय घोडं मारलंय रं? मिस्त्री, हाकला हे असलं! आत्ताच्या आत्ता हाकला!"

माणसं जमली. पत्रा ठोकणारा हातोडा घेऊनच दारात आला. मी मान खाली घालून उभा. मनात म्हणलं, हाणा. हाकला. पायाचं तेवढं कुणाला कळलं न्हाय न्हवं? मग बास.

मामा खाली उतरला, सावकाश, दाराला धरून. "जोतीराम, वराडू नको. चूक माझी हाय."

"तुमची कशी वं?"

"मी आत्ता पायडल दाबलं. हवा असंल तर ब्रेकवाल्याला कळायला पायजे का नको? मला कळलं न्हाय. माझा उजवा पाय बधिर हाय. शुगरनं. तीन वर्सं झाली. हे पोरगं माझ्यासाठी दाबायचं आन मला सांगायचं. आज मी त्याला इचारलं न्हाय."

ठोकणाऱ्याचा हातोडा गप हुता, त्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू गेलं. एक म्हातारा, मामाबरोबर खेळलेला, मामाच्या उजव्या चपलीकडं बघायला लागला.

मला वाचवायसाठी मामानं ते सांगितलं, हे मला कळतंय. येडा न्हाय मी. पण त्या टायमाला मला असं वाटलं की मामानं माझ्या खिशात हात घालून माझी एकुलती एक वस्तू काढली आन रस्त्यावर फेकली, घ्या, ज्याला पायजे त्यानं घ्या. आता तिला बी म्हाईत. जोतीरामला बी. माझं असं काय ऱ्हायलंच न्हाय.

तेजस्वी माझ्यापुढं येऊन उभी ऱ्हायली. रडंल वाटलं, तर डोळं लाल पण कोरडं. "दादा, मी इचारलं हुतं. एवढंच का म्हणून."

"व्हय."

"लाज वाटत न्हाय?"

"वाटती की."

"मग वाटू दे," ती म्हणाली.

मामानं पान्हा उचलला. "किस्ना, तिसरा शिकीव तिला. आत्ता. सगळ्यांपुढं."

मी रिमवर तीन टोले दिले. सांगितलं, पाईप का काढतोय, निप्पल कसं उघडं असतंय, पाय हलला तर काय हुतंय, तोंडानं सांगीपतोर का थांबायचं. सगळं सांगितलं, काय ठेवलं न्हाय. मग सवयीनं दाराकडं गेलो. पाय आत टाकलाच हुता.

"तू न्हाय," मामा म्हणला. "ती."

ती आत बसली. मामा चाकापाशी बसला. जोतीराम बिडी वडत उभा, उशीर हुतोय म्हणून पुटपुटतोय. टोला. दाबलं. पाईपात बुडबुडे आले, मोठे मोठे, लाज काढणारे. परत. परत. मग साफ झालं आन तीन टोले पडले. टण टण टण. ती हलली न्हाय. दातावर दात धरून बसलेली. मामानं पाईप काढला, आवळलं, पुसलं, उठला, दाराशी गेला, "सोड" म्हणला. तवा माझ्या ध्यानात आलं की मी बी रस्त्यावर उभ्या उभ्या उजवा पाय जमिनीत दाबून धरलाय, एवढा की पिंडरीत गोळा आला हुता.

मामानं दोन मिनटं थांबायला लावलं. मग तिनं एकदाच, सावकाश दाबलं.

"कसं हाय?"

"घट्ट हाय."

"फिरवून आण. मी शेजारी बसतो. जोतीराम, तू थांब हितं." मग माझ्याकडं न बघताच म्हणला, "तू मागं बस."

मागं म्हंजे हौद्यात, रिकाम्या कॅनांत. मी चढलो. हाकललं न्हाय, एवढं खरं. पण तीन वर्सं पुढं बसलेला माणूस मी, आता आंबूस वास मारणाऱ्या कॅनांत दांडी धरून उकिडवा.

टेम्पो गल्ली उतरायला लागला. मागच्या काचेतनं दोन डोकी दिसत हुती. मामा हात हलवून कायतरी सांगत हुता, ती मान डोलवत हुती. चौक जवळ आला, भाजीवाल्या दिसल्या, कोथिंबिरीच्या जुड्या दिसल्या. माझी बोटं दांडीवर पांढरी पडली. आन तिनं ब्रेक दाबला.

सगळं कॅन एका दमात पुढं घसरलं आन केबिनवर जाऊन आदळलं, त्यांच्यासंगं मी बी. टेम्पो जाग्यावर उभा. इकडं न्हाय, तिकडं न्हाय. चौकाच्या चांगला दहा हात अलीकडं.

ब्रेक लागला. एक नंबर लागला. माझं नाक कॅनावर आपटून रगात आलं हुतं, आन मी तिथं कॅनांत पडल्या पडल्या देवाला म्हणत हुतो, बरं झालं रं बाबा. आन त्याच तोंडानं ब्रेकला म्हणत हुतो, जरा तरी कमी लागायचा हुतास.